खिडकीकडची फांदी

४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो. तुझं पत्र नोव्हेंबरात आलं. रोज कागद काढतो आणि रोज परत ठेवतो. हात थरथरतो हे एक, आणि लिहावं असं काही चांगलं घडत नाही हे दुसरं. फोनवर तू बोललेलं मला ऐकू येत नाही आणि मी ओरडलेलं सगळ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून पत्रच बरं.

काकू ठीक आहे. खिडकीशी असते.

कामाचं लिहितो. मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाला पांढरी कीड लागली आहे. कापसाचे बोळे चिकटवल्यासारखी दिसते. डोळ्याला भिंग लावून पाहिलं तर आत पाय असलेलं, पिठात घोळवलेलं जनावर. झाडाखाली उभं राहिलं की अंगावर चिकट थेंब पडतात. आता आपल्याखाली लाँड्री आहे हे तुला माहीत आहेच. त्या बाई इस्पितळाच्या चादरी अंगणात वाळत घालतात. चादरीवर चिकटा पडतो आणि त्यावर काळे ठिपके येतात. इस्पितळाने दोनदा गठ्ठा परत पाठवला. बाई वर येऊन मला म्हणाल्या, "आजोबा, मी रक्ताचे डाग काढते, औषधांचे काढते, शाईचे काढते. तुमच्या झाडाने मात्र माझं नाक कापलं." घरमालक म्हणतो, तीस एप्रिलपर्यंत झाड स्वच्छ करा, नाहीतर मी करवतवाला पाठवतो.

झाड तोडलं तर तुझ्या काकूला खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसेल. दुसरं काही नाही. झाड तिने लावलेलं, फांदी थेट गजांपर्यंत आलेली. तिचा जीव त्यात अडकलेला आहे. मी तिला करवतीचं काही सांगितलेलं नाही.

तू एवढी वर्षं किडे शिकते आहेस. आम्ही कधी विचारलं नाही की त्याचा उपयोग काय. आता विचारतो. मी सातवी शिकलेला घड्याळजी, मला समजेल असं लिही.

काका


११ मार्च

ती. काकांना नमस्कार.

चार महिने काळजी करायला लावून शेवटी पत्र आलं ते किड्यांसाठी! असो.

तो पिठ्या ढेकूण. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पाठीवर बिऱ्हाड घेऊन एका जागी बसणारी खवले कीड, उन्हाळ्यात झाडावर बसून कान किटवणारे ते किरकिरे, ही सगळी त्याचीच भावकी. आपल्या गादीतला ढेकूण लांबचा चुलता. या घराण्याचं तोंड म्हणजे सुई. चावता येत नाही, फक्त टोचून ओढता येतं. झाडांना पहिलं फूल येण्याच्या कितीतरी कोटी वर्षं आधीपासून हे रस पीत आहेत, आणि आज त्यांच्या हजारो जाती आहेत. तेव्हा दोन महिन्यांत आपण त्यांना संपवू अशा भ्रमात राहू नका. आवरता येतील.

चिकटा का पडतो ते सांगते. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि अंग वाढायला लागतं ते जवळजवळ नाहीच. म्हणून तो पोटाला तडस लागेपर्यंत पितो आणि नको असलेली साखर मागच्या बाजूने सोडून देतो. तोच तुमचा थेंब. काळे ठिपके त्यावर वाढलेल्या बुरशीचे. बाईंना सांगा, थेंब ताजा असेल तर कोमट पाण्याने निघतो.

मग त्याचं अंग वाढतं कशाने? तुम्हाला आवडेल असं आहे. त्याच्या पोटात एक जंतू राहतो आणि त्या जंतूच्या पोटात दुसरा. एक अंगाला लागणाऱ्या खुराकाचा अर्धा भाग बनवतो, दुसरा उरलेला, आणि थोडं काम ढेकूण स्वतः करतो. आई ते पिल्लांना देते. तिघांतला एक काढला तर तिघं मरतात. तुम्ही मला चाकात चाक दाखवायचात, तसं.

मादीला पंख नाहीत, ती आयुष्यभर पीत बसते. नराला पंख आहेत पण तोंड नाही. दोनतीन दिवस जगतो, उपाशी.

आता उपाय. मुंग्या पाहा. साखरेसाठी मुंग्या या ढेकणांची राखण करतात, शत्रू आला तर त्याला चावून हाकलतात. आधी मुंग्यांची वाट बंद करा. खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तिला घट्ट ग्रीस फासा. विषारी फवारा मारू नका. पुन्हा सांगते, मारू नका. आणि काकूला लिहायला सांगा. ती काय रुसली आहे?

भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र काकूला वाचून दाखवलं. नराला तोंड नाही हे ऐकून म्हणाली, "बघा, असतात शहाणे प्राणी." मी गप्प बसलो तर म्हणते, "आज जमलं वाटतं." ती रुसलेली नाही. लिहायला वेळ होत नाही.

पट्टी बांधली. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांना लावायचं ग्रीस होतं, तेच फासलं. दोन दिवस मुंग्या खाली घोटाळल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा वर! मी हातभर अंतरावर दुसरी पट्टी बांधली, मग तिसरी. झाड बँडेज केलेल्या माणसासारखं दिसायला लागलं, मुंग्या आपल्या वरच. माझी झोप उडाली. शेवटी खाली खुर्ची टाकून भिंग लावून बसलो. लाँड्रीतल्या बायका चादरी घेऊन माझ्या डोक्यावरून वाकून जात होत्या आणि हसत होत्या. तासाभराने दिसलं. मुंग्या खोडावरून येतच नव्हत्या. बाईंची कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला भिंतीच्या खिळ्याला आहे आणि दुसऱ्या टोकाला आपल्याच झाडाला. त्या पुलावरून सरळ रांग चालली होती.

बाईंना म्हटलं, दोरी सोडा. म्हणाल्या, "म्हणजे कीड तुमच्या झाडाला आणि दोरी माझी सोडायची? उद्या म्हणाल, लाँड्रीच हलवा." मी म्हटलं, बाई, मुंग्या तुमच्या दोरीवरून येतात. त्या म्हणाल्या, "मुंग्या काय मी पाळल्यात?" शेवटी मी त्या दोरीच्या टोकालाही ग्रीस लावलं. मग एका चादरीला ग्रीसचा डाग पडला. पुढचं लिहीत नाही.

मुंग्या मात्र थांबल्या. ढेकूण आहेत तसेच आहेत. दिवस बेचाळीस उरले. मला काही सुचत नाही. तू लवकर काहीतरी कर.

काका


२५ मार्च

ती. काका,

या पत्राबरोबर एक पेटी येईल. आमच्याकडे ढालकिडे वाढवणारा विभाग आहे. तिथल्या साहेबांच्या मागे चार दिवस लागून चाळीस मिळवले. काळे, डोकं नारिंगी, मुगाच्या डाळीएवढे. पिठ्या ढेकूण हेच त्यांचं जेवण. मुंग्या नसल्या तर हे काम करतात.

पेटी सावलीत ठेवा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर उघडा आणि जिथे कीड दाट आहे तिथे फांदीवर हलकेच झटका. सगळे एका जागी नको. थोडे खिडकीजवळच्या शेंड्यावर काकू सोडेल, तिचा हात पोचतो. ते उडून गेले असं वाटेल, घाबरू नका. अंडी घालतील, मग पिल्लं होतील आणि खरं काम पिल्लंच करतात. सविस्तर पेटीतल्या छापील कागदावर आहे, तो नीट वाचा. मला इथे परीक्षकांसमोर उभं राहायचं आहे, महिनाभर सवड नाही.

कृपा करून मधे काही करू नका. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. चालू घड्याळ उघडून पाहायची तुम्हाला सवय आहे.

भिंगरी


१६ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पेटी मिळाली. लिहिल्याप्रमाणे केलं. थोडे खिडकीतून सोडले, बाकी खाली. दोन दिवस तुझे ढालकिडे दिसले, मग आयत्या जेवणावर हात मारून पसार झाले म्हण. आता शोधूनही चारपाचच सापडतात. साहेबांना सांग, माल कामाचा नाही.

तुझा छापील कागद परभाषेत निघाला, त्यातही अक्षर मुंगीएवढं. भिंगाने अक्षर मोठं होतं, भाषा समजत नाही. पेटीच्या तळाशी ठेवला आहे.

पण तू रागावू नकोस, तुझ्या काकाने स्वतःच मार्ग काढला. आठ दिवसांपूर्वी एक नवीनच भानगड उद्भवली. ढेकणांत राक्षसी ढेकूण निघाले! साध्यापेक्षा तिप्पट मोठे, अंगभर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या, आणि ऐटीत चालतात. साधा ढेकूण बिचारा जागचा हलत नाही. मी म्हटलं, हेच यांचे म्होरके. नेमके दाट कीड आहे तिथेच हे जास्त. मग घड्याळाचा बारीक चिमटा काढला. केसासारखी स्प्रिंग धरणारा हात आहे माझा, थरथरला तरी चिमटा धरला की थांबतो. रोज सकाळी दोन तास खाली बसून एकेक उचलतो आणि साबणाच्या पाण्यात टाकतो. आजपर्यंत एकशे बारा झाले. पान जराही फाटलं नाही.

मान मोडून आली आहे. वरच्या फांद्यांना हात पोचत नाही आणि मी स्टुलावर चढत नाही, त्यामुळे तिथले राहिले. पण खालची बाजू राक्षसांपासून मुक्त केली. तरी चिकटा का कमी होत नाही, ते कळत नाही. उलट खाली जास्तच झाला आहे. बाई रोज कोरड्या आवाजात तारीख सांगतात. चौदा दिवस उरले. काय चुकतं आहे ते कळव.

काका


१९ एप्रिल

भिंगरी,

मी काकू लिहिते आहे. आडवी पडून लिहिते, म्हणून अक्षर उताराला लागलं आहे.

हे तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. नोव्हेंबरात लिंबं काढताना मी स्टुलावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अंथरुणावर आहे. खाट खिडकीशी लावली आहे. "तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा, सगळं टाकून धावत येईल" म्हणून यांनी मला शपथ घातली. स्टुलाचा पाय यांनीच दुरुस्त केला होता. मी पडले तेव्हा हे वर कुणाचं तरी मनगटी घड्याळ बघायला गेले होते. त्या दिवसापासून स्टूल माळ्यावर आहे आणि हे जमिनीवरून चालतानाही खाली बघून चालतात. मी कधी शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

करवतीचंही मला ठाऊक आहे. बाईंचा आवाज खिडकीतून वर येतो. यांना वाटतं मला माहीत नाही, वाटू दे.

आता किड्यांचं. गजाजवळची एक डहाळी मी तोडून घेतली आणि औषधाच्या ग्लासात पाणी घालून उशाशी ठेवली. दिवसभर दुसरं काम काय? त्यावर ते झिपरे पांढरे चार आहेत. हे चिमटा घेऊन आले होते. मी म्हटलं, माझ्या ग्लासाला हात लावाल तर बघा. मी तीन दिवस पाहते आहे. झिपरा चालत चालत लहान ढेकणाजवळ जातो, तोंड खुपसतो, आणि थोड्या वेळाने लहान्याचं नुसतं टरफल उरतं. अगं, म्होरका आपलीच माणसं खाईल का? मला वाटतं ही तुझ्या काळ्या किड्यांची पोरं आहेत. यांना सांगितलं तर म्हणतात, "तुला पडल्यापडल्या काय कळतंय? दिसतात तर ढेकणासारखेच." ऐकून घेतच नाहीत.

माझं खरं असेल तर यांनी एकशे बारा मारले. यांना एकदम सांगू नकोस. चिमट्याचा यांना फार अभिमान आहे, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी नीट जमल्यासारखा चेहरा झाला आहे.

तुझी काकू


२१ एप्रिल

काका,

चिमटा खाली ठेवा. हे पत्र वाचत असाल त्या क्षणी ठेवा.

ते राक्षसी ढेकूण नव्हेत. ती ढालकिड्यांची पिल्लं आहेत. ढेकणांत बेमालूम मिसळून राहावं म्हणून त्यांच्या अंगावर तसंच मेण येतं, मुंग्यासुद्धा फसतात. मुंग्या फसतात, तुम्ही फसलात, आणि तुम्हाला सावध न करता छापील कागदाच्या भरवशावर राहिलेली मी तर सगळ्यांत मोठी गाढव. काका, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत! एकशे बारा! आमच्या विभागातल्या मुलींना आठवडाभरात इतके उचलता येत नाहीत.

वरच्या फांद्यांवर राहिलेत म्हणता, तेवढीच आशा. त्यांना हात लावू नका. काकूला जरा खाली जाऊन पाहायला सांगा, तिची नजर तुमच्यापेक्षा बरी आहे. आणि ती एक ओळ का लिहीत नाही?

भिंगरी


२४ एप्रिल

काका आणि काकू, दोघांना मिळून,

काकूचं पत्र आज आलं. तीनच दिवसांपूर्वी मी तिला खाली जाऊन पाहायला सांगा म्हणून लिहिलं. ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे.

तुम्हा दोघांना काय म्हणावं? एकाने हाड मोडलेलं लपवायचं, दुसरीने करवत माहीत असल्याचं लपवायचं, आणि मी इथे बसून ढेकणांच्या पोटातले जंतू मोजायचे. मी बारा वर्षांची असल्यापासून तुमच्या घरात वाढले. मला पाहुणी कधी केलीत?

काकू, तू ओळखलंस ते अगदी बरोबर आहे. माझ्या परीक्षकांना कागद न वाचता हे ओळखता आलं नसतं. ग्लासातले झिपरे मोठे झाले की फांदीवर परत सोड. डॉक्टरांनी बसायला सांगितलं असेलच, बसतेस का? खरं लिही.

काका, एकशे बारांचं मनावर घेऊ नका. स्टुलाचंही.

परीक्षा वीस मेला संपते. एकोणतीसला येते आहे. मला अडवू नका.

भिंगरी


२२ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं एकवीस तारखेचं पत्र वाचलं तेव्हा मी खालीच होतो. चिमटा खिशात होता. वर आलो तर काकू म्हणाली, "कळलं का? मग आता चहा करा." एवढंच. नंतर म्हणाली, "स्टूल काढून आणा माळ्यावरून. पाच महिने झाले, त्याचा काय दोष?" मी म्हटलं, पाय मी बसवला होता. म्हणाली, "आणि चढले मी. हात लांब करू नकोस म्हणून तुम्ही वर जाताजाता ओरडला होतात, ते ऐकलं नाही मी." मी तसं ओरडलो होतो, हे मलाच आठवत नव्हतं. ते खरं की तिने रचलं, देव जाणे.

तीस एप्रिलला करवतवाला आला. बाई त्याला घेऊन अंगणात उभ्या. खालच्या फांद्या पांढऱ्याफटक होत्या, माझीच करणी. तेवढ्यात वरून काकूने हाक मारली, "बाई, आधी वर या. मग काय कापायचं ते कापा." बाई तणतणत आल्या. काकूने माझं भिंग त्यांच्या हातात दिलं आणि ग्लास पुढे केला. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं ते काढेचनात. इकडे करवतवाला खालून ओरडतो आहे, "मी जाऊ का राहू?" शेवटी बाई म्हणाल्या, "मेल्याने आख्खा संपवला की! एवढासा आहे, आणि काय भूक." मग मला म्हणाल्या, "आजोबा, हे असे तुम्ही एकशे बारा मारलेत?" म्हणजे काकूने त्यांनाही सांगितलेलं! आता लाँड्रीतल्या सगळ्या बायका मला एकशे बारा म्हणतात.

करवतवाला परत गेला. बाईंनी घरमालकाला सांगून तीन आठवडे दिले आणि दोरी स्वतः सोडून नळाच्या पाइपाला बांधली. मी स्टूल काढलं, त्याचा पाय दोनदा तपासला आणि बाईंनी ते धरलं. वरच्या फांदीवरचे झिपरे पानासकट काढून खाली आणून ठेवले. चिमट्यानेच. या वेळी हात थरथरला, पण एकही पडला नाही. ग्लासातले चौघंही परत गेले.

तीन आठवडे काल संपले. परवा चादरी कोऱ्या निघाल्या. बाईंनी एक वर आणून काकूच्या अंगावर पसरून दाखवली, "बघा, शोधा डाग."

आता नवीन त्रास ऐक. कीड एवढी कमी झाली की हे ढालकिडे खातील काय? रोज दोनचार खिडकीतून उडून जाताना काकूला दिसतात, आणि ती मला विचारते, तुम्ही काही केलंत का. मी काय करणार? थोडे पिठ्या ढेकूण राखून ठेवायचे का? एखादी फांदी त्यांच्यासाठी सोडावी का? बाईंना कसं सांगू की मी आता ढेकूण पाळतो आहे?

दुसरं, माझं भिंग मला मिळत नाही. डॉक्टर पाच महिने बस म्हणून सांगून थकले तेव्हा ही बसली नाही. आता सकाळपासून उशी द्या, आणखी एक द्या, पाठीला लावा, जरा डावीकडे, तो शेंडा दिसत नाही. काल दोन तास बसली. आज पाय खाली सोडून बसली आणि म्हणते, गजाला धरून उभं राहिलं तर वरचं पान दिसेल. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही धरा ना मग." धरलं. तेवढ्यात एक जण घड्याळ घेऊन आला होता, त्याला जिन्यात ताटकळत ठेवलं. माझ्या कामाचं खोबरं झालं आहे.

तू एकोणतीसला येणार ते नक्की ना? गाडी कितीची? त्याआधी ढालकिड्यांच्या खाण्याचं लगेच कळव, आठवड्याची वाट पाहू नकोस. टपालवाला दिसला की ही खिडकीतून त्याला मोठ्याने विचारते, आणि नाही म्हटलं की दिवसभर मला ऐकावं लागतं.

काका